उजव्या हाताची बाजू

"ताई, पलंग फिरवून घ्या," यमुना चपला पायात सरकवता सरकवता म्हणाली होती. "आजोबांचा डावा हात गेलाय आणि डाव्याच बाजूला भिंत. बाईला काम करायचं तर उजव्या हाताशीच जावं लागतं. अन् तो हात काही आजारी नाही."

क्षितिजाने ऐकलं आणि सोडून दिलं. त्या घडीला तिच्या कडेवर आठ महिन्यांची इशिता होती, गॅसवर नाचणीसत्त्व खदखदत होतं, आणि आठच दिवसांत ड्युटी सोडून चाललेली बाई काहीतरी कारण काढणारच अशी तिची खात्री होती. कारण सापडलं नाही की या बायका पेशंटला नावं ठेवतात, हे तिनं माहेरी फुलपाड्याच्या सोसायटीत शंभरदा ऐकलं होतं.

"बघू," ती म्हणाली.

यमुना फाटकापर्यंत गेली आणि परत वळली. "माझं काय, मी दुसरीकडे जाईन. पण पुढची येईल तिला तरी सांगा."

पुढची आली तेव्हा क्षितिजाने तिला गिझरचं बटण दाखवलं, डायपरची पिशवी दाखवली, औषधांचा डबा, बाईचा वेगळा कप, चपला कुठे काढायच्या ती पायरी, सगळं दाखवलं. एवढं एक सोडून.

तशी क्षितिजा बेफिकीर बाई नव्हे. उलट तिच्या नजरेतून मुंगी सुटत नाही असं नंदाखालच्या तिच्या सासरच्या आळीत सगळे म्हणत. इशिता रांगायला लागायच्या आधीच तिनं घरातल्या प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्याला स्पंज चिकटवला होता. प्लगच्या भोकांत प्लास्टिकची बुचं. पोरगी झोपली की ही तिच्या नाकाशी बोट धरून श्वास मोजायची. कॉलेजात फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली बाई, मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे. पण घराला डोळे असतात ते ज्याच्या त्याच्या माणसापुरते, आणि आठ ते आठच्या ड्युटीला आलेली बाई त्यात मोडत नव्हती.

तिचे सासरे जयराम, घरात आबा आणि गावात जयरामदादा. आयुष्यभर नारळ, केळी आणि पानवेलीची वाडी केली, बागायतदारांची भांडणं मिटवली. सहा महिन्यांपूर्वी लकव्यानं डावं अंग गेलं. जीभ मात्र शाबूत आणि डोकं तर त्याहून. कुणी भेटायला आलं की म्हणायचे, "एक पंख गेला रे, पण पोपट बोलतोय अजून!" माणसं हसत बाहेर पडायची आणि सासूबाईंना सांगायची, काय हो माणूस, आजारातसुद्धा हसतमुख.

नव्या बाईचं नाव व्हेरोनिका. पन्नाशीची, अंगानं सुकी, गोखिवऱ्याहून रिक्षा आणि दोन बस बदलून बरोबर आठला हजर. आधी वीस वर्षं गोखिवऱ्यातल्या एका गाळ्यात बाटल्यांच्या झाकणांच्या मशीनवर होती. गाळा बंद पडल्यावर नर्सिंग ब्युरोचा सहा आठवड्यांचा कोर्स करून पेशंट सांभाळायला लागली.

"तिकडे मशीन होतं वहिनी, हात सांभाळून घालावा लागायचा," पहिल्याच दिवशी ती हसत म्हणाली. "इथे काय, माणूस आहे."

चार दिवसांत घरचं सगळं तिच्या हाताशी बसलं. आबांना कूस बदलून द्यावी ती व्हेरोनिकानंच. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि तोंडानं "एक, दोन, जेजू" म्हणत ती त्यांना अलगद वळवायची. पाठीला एक फोड आला नाही. इशिताला ढेकर निघत नव्हता तेव्हा तिनंच पालथं हातावर घेऊन, पाठ चोळून काढून दाखवला. क्षितिजा तिला मावशी म्हणायला लागली. आणि दार लावून दुसऱ्या खोलीत लॅपटॉप उघडून बसायला लागली, कारण बाळंतपणाची रजा संपून घरूनच काम सुरू झालं होतं. ही बाई गेली तर ते काम गेलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

भिंतीपलीकडून आवाज यायचे.

"काय गं, आज आंघोळ केलीस का चर्चमधल्या मिस्साचं पाणी शिंपडून आलीस नुसतं?"

"आधी तुमची करते आजोबा, मग माझ्या आंघोळीचं बघू."

"जीभ चालते तुझी. हात चालव."

मग काहीतरी पडल्याचा आवाज. पेला असेल. क्षितिजा हेडफोनचा आवाज वाढवायची. म्हातारं माणूस, परावलंबी झालेलं, चिडणारच.

संध्याकाळी आठच्या आत व्हेरोनिका वही पुढे करायची. ब्युरोची पद्धतच तशी. किती वाजता काय दिलं, काय झालं ते बाईनं लिहायचं आणि घरच्या माणसानं खाली सही करायची, तेव्हा त्या दिवसाची ड्युटी धरली जाते. नेमकी त्याच वेळी इशिता झोपेला आलेली असायची आणि रडून घर डोक्यावर घ्यायची. एका हातानं तिला थोपटत क्षितिजा गोळ्यांच्या वेळा बघायची, बरोबर आहेत एवढं पाहून सही ठोकायची. बाकीच्या ओळींवर तिची नजर कधी गेली नाही.

एकदा बाहीखाली दंडावर हिरवं-निळं दिसलं. "मावशी, हे काय?"

"काही नाही वहिनी. म्हातारी माणसं." व्हेरोनिकानं बाही खाली ओढली. मग जरा वेळानं, डायपरची पिशवी बांधता बांधता, सहज बोलल्यासारखं म्हणाली, "तो पलंग फिरवता येईल का हो? मला डाव्या बाजूनं काम करायला बरं पडेल."

दुसरी बाई, तीच मागणी. या वेळी मात्र क्षितिजाने सासूबाईंकडे विषय काढला.

प्रेमलताबाई केळफूल सोलत होत्या. त्यांनी हातातलं काम थांबवलं. "फिरवला तर डोकं कुठे येईल त्यांचं?"

खोली अशी होती की पश्चिमेच्या भिंतीला पलंग, दक्षिणेला उशी, उत्तरेला पाय. पूर्वेला दार आणि वाडीत उघडणारी खिडकी, तिकडे पलंग मावत नव्हता. फिरवला की उशी उत्तरेला जाणार.

"उत्तरेला," क्षितिजा म्हणाली.

"जिवंत माणसाचं डोकं उत्तरेला? अगं, मढं ठेवतात तसं! आळीतलं कुणी आलं तर काय म्हणेल? टपलेत वाटतं, म्हातारा कधी जातोय त्यावर."

असल्या गोष्टींना क्षितिजा एरवी हसायची. कॉलेजात तिनं पृथ्वीच्या चुंबकत्वावर वीस मार्कांचं उत्तर लिहिलेलं होतं. त्या दिवशी ती हसली नाही, वादही घातला नाही. खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं. पलंग फिरवायचा म्हणजे आधी मान्य करायचं की का फिरवायचा. उत्तर दिशेनं ते काम वाचवलं. व्हेरोनिकाला तिनं सांगितलं, "आमच्याकडे चालत नाही हो मावशी तसं."

"बरं," व्हेरोनिका म्हणाली. "देवाधर्माचं असेल तर राहू दे."

आता अडकित्त्याचं. आबांच्या वडिलांपासूनचा पितळी अडकित्ता, पानवेलीच्या धंद्यातला. लकव्यानंतर डॉक्टरांनी सुपारी बंद केली, पण अडकित्ता त्यांना हाताशी लागायचा. रोज सकाळी प्रेमलताबाई तो चिंचेनं घासून लख्ख करून त्यांच्या उजव्या हाताशी ठेवायच्या. मग दिवसभर उघडायचा, मिटायचा. कट. कट. येणाऱ्याजाणाऱ्याला त्याचं कौतुक. क्षितिजाने तर व्हेरोनिकाला समजावलंही होतं, "असू दे मावशी. बोटांना व्यायाम होतो." टेबलाच्या चार कोपऱ्यांना स्पंज लावणारी हीच ती.

ते घडलं त्या दिवशी शनिवार होता, म्हणून नवरा जितेश घरी होता, अंगणात गाडी धूत. साडेदहाच्या सुमारास क्षितिजा इशिताला कडेवर घेऊन आबांच्या दारात आली. तिला फक्त वाइप्सचं पाकीट हवं होतं. व्हेरोनिका अंग पुसत होती. अडकित्ता आबांच्या मांडीखाली गेला होता आणि कातडीला टोचत होता.

"आजोबा, हा जरा बाजूला ठेवते हं. वळ उठेल." तिनं हात घातला.

आबांनी तिच्या आधी तो उचलला. उघडला. तिच्याकडे बघितलं. क्षितिजाला ते बघणं स्पष्ट दिसलं, दारातून सहा फुटांवरून. त्यात भ्रम नव्हता, झटका नव्हता. सुपारी टणक आहे की मऊ हे बघावं तसं त्यांनी बघितलं आणि तिची दोन बोटं पात्यात घेऊन मूठ आवळली.

व्हेरोनिका ओरडली नाही. "वहिनी," एवढंच म्हणाली. रक्त आधी चादरीवर आलं आणि मग तिच्या चेहऱ्यावरचं गेलं.

"माझ्या वस्तूला हात लावायचा नाही," आबा म्हणाले. "सांगून ठेव तिला."

आगाशीच्या रस्त्यावर एक छोटं हॉस्पिटल आहे, तिथे नेलं. गाडीत व्हेरोनिकाचा हात टॉवेलात गुंडाळून क्षितिजाने वर धरून ठेवला होता. इशिता पुढे आजीच्या मांडीवर. जितेश गाडी चालवता चालवता एकच वाक्य तीनदा बोलला, "आबांचं नाव आहे गावात." तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा त्याला पुढचं सुचलं होतं. "विळीवर पडल्या म्हणू. मावशी, चालेल ना? उगाच पोलीस केस होते हो नाहीतर. तुम्हालाच खेपा पडतील."

व्हेरोनिका खिडकीबाहेर बघत होती.

डॉक्टर तरुण होता. त्यानं जखम उघडली, आत बघितलं आणि मान हलवली. "कसं झालं?"

"विळीवर पडल्या," जितेश म्हणाला.

"एका बाजूनं कापलंय, दुसऱ्या बाजूनं चेचलंय. विळी दोन्हीकडून दाबते का?" डॉक्टरनं मग क्षितिजाकडे बघितलं. "तुम्ही होता तिथे?"

हे असे क्षण फार मोठे वाटतात, पण खरं तर एक श्वास घेण्याइतकेच असतात. तेवढ्यात क्षितिजाच्या मनात काय काय येऊन गेलं. आळी. सासूबाई. सोमवारी दहाची मीटिंग. उद्या आबांना कोण वळवणार. इशिता मोठी झाल्यावर शाळेत कुणी काय म्हणेल. व्हेरोनिका तिच्याकडे बघत नव्हती. इशिता आजीच्या खांद्यावरून रक्ताळलेल्या टॉवेलाकडे हात पसरत होती आणि व्हेरोनिका पोरीकडे बघून, त्या अवस्थेत, कसंनुसं हसत होती.

"हो," क्षितिजा म्हणाली. "विळीच होती."

डॉक्टरनं पेन टेकवलं. "टेंडन तुटलेत. वसईला मोठ्या ठिकाणी दाखवा लवकर. तरी ही बोटं पहिल्यासारखी वळतील असं मी सांगत नाही."

बाहेर पायरीवर जितेश गाडी काढायला गेला तेव्हा व्हेरोनिका बोलली. आवाज चढलेला नव्हता. "घरचं माणूस आहे वहिनी. तुम्ही तरी काय करणार?" मग थांबून, "गेल्या आठवड्यात ब्युरोत यमुना भेटली मला. ती म्हणाली, मी ताईंना सांगून आले होते पलंगाचं. मी तिला म्हटलं, नसेल सांगितलं तू, विसरली असशील. वहिनी तशा नाहीत."

 गाडी आली तेव्हा क्षितिजाने दार उघडून धरलं.

रविवारी बाई नाही, सोमवारी बाई नाही. ब्युरोनं फोनवर सांगितलं, तुमच्याकडे आता कुणी यायला तयार नाही, आठवडाभर थांबा. रविवारी जितेशनं कसंबसं निभावलं. सोमवारी तो ऑफिसला गेला. क्षितिजाने बादलीत कोमट पाणी घेतलं, फडका घेतला आणि आबांच्या खोलीकडे निघाली. दारातच प्रेमलताबाईंनी तिचा दंड धरला.

"तू नको जाऊस त्या हाताशी. पोर आहे तुझ्या अंगावर."

क्षितिजा थबकली. "म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

प्रेमलताबाईंची डाव्या हाताची करंगळी वाकडी होती. लहानपणी पाटा पडला, अशी त्याची गोष्ट लग्न होऊन आल्यापासून क्षितिजाला सांगितलेली. त्यांनी आता ती करंगळी सुनेसमोर धरली. "हे पाट्यानं नाही झालेलं."

"मग?"

"दारानं. जितेश तीन वर्षांचा होता. समोर उभा राहून बघत होता." त्यांनी हात पदराखाली घेतला. "एवढ्या वर्षांत मी कधी त्यांच्या उजव्या हाताच्या बाजूला निवांत झोपले नाही."

"आणि तो अडकित्ता? रोज घासून त्यांच्या हातात कोण द्यायचं? तुम्हीच ना?"

"नाही दिला तर ओरडायचे. ओरडले की मलाच जवळ बोलवायचे."

"आणि मावशींचं काय, आई?"

प्रेमलताबाईंच्या डोळ्यांत पाणीबिणी काही आलं नाही. त्या सरळ म्हणाल्या, "तिला आठ वाजता सुट्टी व्हायची, क्षितिजा. मला कधी झाली होती?"

चीड यावी, कीव यावी, दोन्ही एकदम यावं आणि कुठलंच धड येऊ नये, असं काहीतरी क्षितिजाचं झालं. तिनं बादली खाली ठेवली. इशिताला पाळण्यात घातलं. आत जाऊन पलंगाच्या पायाशी वाकली. हॉस्पिटलचा भाड्यानं आणलेला चाकांचा पलंग. चारही चाकांना ब्रेक. तिनं एकेक ब्रेक पायानं उचलला.

"काय चाललंय?" आबा म्हणाले.

तिनं पायथा धरून ओढला. पलंग खोलीच्या मध्यात आला, आणि तिथे आडवा अडकला. दुसऱ्या टोकाला धरायला माणूस हवं होतं. तिनं मान वर केली तर उशीच्या बाजूला प्रेमलताबाई पदर खोचून उभ्या होत्या.

"मढं केलंत का माझं?" आबा गरजले. उजवा हात हवेत फिरला, कुणाला पोचला नाही. "प्रेमा! उत्तरेला डोकं माझं? मेलो नाही मी अजून!"

"माहीत आहे," प्रेमलताबाई म्हणाल्या. "मेला असतात तर फिरवायची गरज नव्हती."

पलंग भिंतीला लागला. उजवा हात भिंतीकडे, डावा खोलीकडे. क्षितिजाने ब्रेक लावले आणि घड्याळ बघितलं. सगळ्याला मिळून पाच मिनिटंही लागली नव्हती. इशिताला वाटीभर खिमट भरवायला याहून जास्त वेळ लागतो.

मग ती वही घेऊन बसली. अडकित्ता आधीच पानवेलीच्या मळ्यातल्या विहिरीत गेला होता, तो कुणी टाकला हे घरात कुणी विचारलं नाही. वहीत व्हेरोनिकाचं अक्षर मोठं, शाळकरी. "९.२० अंग पुसताना आजोबांनी दंडाला चिमटा काढला." "११.०० पेज दिली. पेला तोंडावर मारला. पुन्हा दिली, अर्धी घेतली." "३.१५ केस ओढले. डायपर बदलला." "वहिनींना पलंगाचं विचारलं." प्रत्येक पानाखाली सही. गोल, वळणदार, कॉलेजात मैत्रिणी जिचं कौतुक करायच्या ती. बावन्न दिवस, बावन्न सह्या.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन ब्युरोत गेली. वसई पूर्वेला, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोन टेबलं आणि देवाचा फोटो. तिला सांगायचं होतं की विळी नव्हती, की बाईची चूक नव्हती, की लागेल तिथे ती लिहून देईल.

तिथल्या माणसानं वही चाळली आणि परत दिली. "मॅडम, सही तुमचीच ना? मग तुम्हाला तेव्हाच माहीत होतं. आता काय लिहून देताय? तुमच्या मिस्टरांनी तर सांगितलं, बाई निष्काळजी आहे, स्वतःच विळीवर पडली. आम्ही तसं धरलं."

"त्यांना भेटायचंय मला. घरी कुलूप आहे, फोन लागत नाही."

"मावशी ड्युटीवर आहेत."

"ड्युटीवर? अहो, टाके निघाले नसतील अजून! दोन बोटं वळत नाहीत त्यांची."

"आठ वळतात की," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर जरासा हसला. "चोवीस तासांची आहे, राहून. पेशंटचं घर सांगायची पद्धत नाही आमच्याकडे. प्रायव्हसी असते मॅडम."

गोखिवऱ्याच्या खोलीला अजून कुलूप आहे. शेजारीण म्हणते, महिन्यातून एका रविवारी मिस्साला येते, लगेच परत जाते. कुठे, ते तिलाही नीट माहीत नाही. विरारकडे कुठेतरी मोठी सोसायटी आहे, म्हातारे साहेब आहेत, म्हणाली. चालतात का, बोलतात का, कुठलं अंग गेलंय, ते तिनं विचारलं नव्हतं. कोण विचारतं?

क्षितिजा आता आबांचं सगळं डाव्या बाजूनं करते. रोज फडका पिळताना तिच्या डोळ्यासमोर एक खोली येते. ती खोली तिनं पाहिलेली नाही. तिच्यात पलंग कसा लावलाय तेवढंच तिला जाणून घ्यायचंय, आणि ते तिला कुणी सांगत नाही.

म्हणून तुम्हाला विचारायचं. तुमच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे राहून काम करणारी बाई असेल. पन्नाशीची, अंगानं सुकी, उजव्या हाताची दोन बोटं ताठ. कचरा टाकायला नाहीतर औषध आणायला खाली उतरेल तेव्हा थांबवा तिला. घरच्यांसमोर विचारू नका, "काही नाही, म्हातारी माणसं" एवढंच म्हणेल. जिन्यात गाठा आणि विचारा, पेशंटचा कुठला हात चालतो आणि भिंत कुठल्या बाजूला आहे. व्हेरोनिका नसली, दुसरी कुणी असली, तरी विचारा. तिनं बाही खाली ओढली तर तिच्याबरोबर वर जा. पलंगाला बहुतेक चाकं असतील.